मुखवटा उतरवलेला कसांद्रो: कर्तृत्व की नुसती चमकी?

हलगीवाला (धागाकर्ता)

गेल्या रविवारी एका जुन्या मित्राशी फोनवर चांगलंच वाजलं. निमित्त कसांद्रो, लुचा लिब्रे म्हणजे मेक्सिकन व्यावसायिक कुस्तीतला पैलवान. गाएल गार्सिया बेर्नालने त्याचं काम केलेला २०२३चा चित्रपट मित्राने ओटीटीवर पाहिला आणि मला म्हणाला, "पिक्चर बरा आहे, पण ह्या बाबाचं कर्तृत्व काय रे? चमकी लावून आला, चार मुके घेतले, लोक हसले, पाकीट घेऊन घरी गेला. शेवटी नुरा कुस्तीच ना ती." तासभर भांडलो, कोणीच मागे हटलं नाही. म्हणून इथल्या जाणकारांसमोर टाकतोय.

ज्यांना हा गडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं विस्ताराने. साउल आर्मेन्दारिस, जन्म १९७०, गाव टेक्सासमधलं एल पासो. पूल ओलांडला की मेक्सिकोतलं हुआरेस. राहणं अलीकडे, पण जीव पलीकडे, कारण लुचा लिब्रे पलीकडे. पंधराव्या वर्षी शाळेला रामराम ठोकून तो कुस्ती शिकायला लागला. १९८८ मध्ये पहिल्यांदा रिंगणात उतरला तेव्हा नाव होतं मिस्टर रोमानो. तोंडावर मुखवटा, थाट रोमन ग्लॅडिएटरचा.

इथे लुचातली भाषा सांगायला हवी. लढणारे दोन गटांतले. तेक्निको म्हणजे सरळमार्गी, लोकांचे लाडके. रुदो म्हणजे पंचाची पाठ फिरली की डोळ्यात बोट घालणारे. शिवाय एक पोटजात, एक्सोतिको: पिसं, टिकल्या, लाली, लचकत चालणं, समोरच्याला पिसाळवायला त्याचा मुका घेणं. हे बहुतेक वेळा रुदोंच्या बाजूला, म्हणजे शिव्या खायलाच. प्रथा १९४०च्या दशकापासूनची. डेव्हिस नावाचा टेक्सासचा पैलवान 'गार्डेनिया डेव्हिस' होऊन लोकांत फुलं उधळत यायचा. बराच काळ हे सगळं सोंग म्हणूनच चाललं. ८०च्या दशकात मे फ्लॉवर्स, पिंपिनेला एस्कार्लाता, बेबी शेरॉन अशा मंडळींनी सांगून टाकलं की रिंगणात जे दिसतं तेच आम्ही बाहेरही आहोत.

ह्या बेबी शेरॉननेच साउलला मुखवटा टाकायला लावला. पहिल्यांदा एक्सोतिको म्हणून उतरला तेव्हा अंगात आईचा ब्लाउज आणि मागे बहिणीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या झग्याचा घोळ. नवे कपडे शिवायला पैसे कुठले! पुढे तिहुआनात कुंटणखाना चालवणाऱ्या, पण गोरगरिबांना हात देणाऱ्या कसांद्रा नावाच्या बाईवरून त्याने कसांद्रो हे नाव घेतलं.

आता मुख्य प्रसंग. जानेवारी १९९१, मेक्सिको सिटी. समोर एल इहो देल सांतो, म्हणजे सांतोचा मुलगा. सांतो हा पैलवान तिकडे काय चीज होती ते एका गोष्टीवरून कळेल: १९८४ मध्ये तो वारला तेव्हा त्याला रुपेरी मुखवट्यासकट पुरलं. अशा घराण्याच्या वारसासमोर एक्सोतिको? लोकांनी आणि धंद्यातल्यांनी बोंब मारली. विशीतल्या पोराला ते झेपलं नाही. लढतीच्या आठवडाभर आधी त्याने मनगट कापून घेतलं. पिंपिनेलाने वेळेवर पाहिलं म्हणून वाचला. आणि ठरलेल्या दिवशी रिंगणात गेला. हरला. पण त्या रात्रीपासून त्याचं नाव लोक वेगळ्या आवाजात घ्यायला लागले. १९९२ मध्ये यूडब्ल्यूए ह्या कुस्ती संघटनेचं लाइटवेट जागतिक विजेतेपद त्याने घेतलं. एक्सोतिकोच्या कमरेला जागतिक पट्टा ही पहिलीच वेळ.

माझं म्हणणं एवढंच: तो गे आहे हे त्याने सांगितलं, ह्यात त्याचा मोठेपणा नाही, ते त्याच्याआधी इतरांनी सांगितलं होतं. हसण्यासाठी राखून ठेवलेली जागा त्याने घेतली, पिसं अंगावर तशीच ठेवली, आणि तिथे लोकांना कुस्ती बघायला लावली. ही गोष्ट मला अवघड वाटते. तुम्हाला?

आडवा डाव

धागा छान, माहिती नवी. पण मत मित्राच्या बाजूने.

निकाल आधी ठरलेला असतो हे मान्य आहे ना? मग "जागतिक विजेतेपद घेतलं" हे क्रियापदच चुकीचं. घेतलं नाही, दिलं. नाटकात एखाद्याला राजाचं काम मिळालं म्हणून आपण त्याने राज्य जिंकलं म्हणत नाही. खासबागेत दोन पैलवान अर्धा अर्धा तास एकमेकांच्या मानेला लोंबकळतात, घामाने माती चिकटते, कोण पडणार हे त्या दोघांनाही माहीत नसतं. त्याला कुस्ती म्हणतात. लुचा लिब्रे ही सर्कस आहे. चांगली सर्कस असेल. सर्कशीचा मला राग नाही. पण तुम्ही तिच्यात समाजसुधारक शोधताय.

आणि मनगट कापून घेण्याचा प्रसंग दुःखदच, पण सहानुभूती वेगळी आणि कर्तृत्व वेगळं.

पोटमाळा

वाचतोय. आडवा डाव ह्यांना +१. आता हलगीवाला काय वाजवतात बघू.

हलगीवाला

आडवा डाव, "दिलं" हे क्रियापद मी घेतो. उलट तेच माझ्या कामाचं आहे.

पट्टा देतो प्रवर्तक. कोणाला देतो? ज्याच्या नावावर तिकिटं खपतील, आणि समोरचा कच्चा असला तरी जो अख्खी लढत अंगावर पेलेल त्याला. ते नोकरीतल्या बढतीसारखं आहे. १९४०च्या दशकापासून १९९२ पर्यंत एवढे एक्सोतिको होऊन गेले, त्यातल्या एकालाही ही बढती मिळाली नव्हती. खऱ्या कुस्तीत निदान समोरच्याला चितपट केलं की पंचाला हात वर करावाच लागतो. इथे तुम्ही कितीही चांगले असलात तरी कोणीतरी "हा चालेल" म्हणावं लागतं. अशा ठिकाणी "हा चालेल" म्हणायला लावणं सोपं की अवघड?

आणि सर्कस म्हणालात तर हरकत नाही, पण जाळी नसलेली. तिसऱ्या दोरावरून बाहेर खुर्च्यांवर झेप घेताना खाली फरशी असते. ह्या माणसाच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, दात गेले, डोक्याला किती वेळा मार बसला त्याला गणती नाही. निकाल नुरा, हाडं खरी.

सालसा आणि साबुदाणा

मेक्सिको सिटीत कामानिमित्त सात महिने होते, त्यामुळे दोन शब्द.

ऑफिसातल्या पोरींनी मला एका शुक्रवारी अरेना मेहिकोला नेलं. शुक्रवार म्हणजे मोठा वार. बाहेर फुटपाथवर मुखवट्यांचे ढीग, आपल्याकडे जत्रेत प्लास्टिकच्या तलवारी असतात तसे. आत बिअरवाले पायऱ्या चढत-उतरत, शेंगदाण्यांवर लिंबू पिळून तिखट टाकून देणारे. माझ्या पुढच्या रांगेत एक आजी. पांढरा अंबाडा, मांडीवर पर्स, शेजारी आठ-नऊ वर्षांचा नातू. तिसऱ्या लढतीत एक एक्सोतिको आला. गुलाबी झगा, त्याची शेपटी दोन पोरांनी उचललेली. आजी उठून उभ्या राहिल्या आणि अशी एक शिवी हासडली की मी दचकले. शब्द होता 'होतो'. आपल्या "मी होतो"सारखाच ऐकू येतो, म्हणून मला आधी कळलंच नाही. तिकडे समलिंगी पुरुषाला द्यायची ती घाण शिवी. नातू टाळ्या वाजवतोय.

मग तो एक्सोतिको दोरावर चढला, उलटी कोलांटी मारून दोघांच्या अंगावर पडला, उठला, आजींकडे बघून हवेत मुका उडवला. आजी हसत सुटल्या, आणि त्यांनीही परत मुका पाठवला!

हे स्वीकारणं आहे की टिंगल, मी आजतागायत ठरवू शकलेले नाही. ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये 'मारिकोन'सारखे शब्द भेदभाव करणारे आहेत, अभिव्यक्तिस्वातंत्र्याखाली त्यांना संरक्षण नाही असं म्हटलं, त्याच देशात तिकीट काढून तेच शब्द ओरडायची ही जागा. आणि फुटबॉलच्या मैदानात अशाच एका घोषणेसाठी त्यांच्या फेडरेशनला फिफाने वारंवार दंड ठोकलाय.

अजून एक गंमत. एक्सोतिको म्हणजे गे असं समीकरण मांडू नका. माक्सिमो नावाचा एक्सोतिको, गुलाबी केसांचा तुरा वगैरे, अल्वारादो ह्या मोठ्या कुस्ती घराण्यातला, चांगला बायको असलेला. त्याला जानेवारी २०१५ मध्ये सीएमएलएल ह्या तिकडच्या मोठ्या कुस्ती कंपनीचं हेवीवेट विजेतेपद मिळालं. म्हणजे सोंग घेणाऱ्याला पट्टा मिळायला कसांद्रोने वाट करून दिली असं म्हणायचं का? की वाट गे माणसाने पाडायची आणि तीवरून संसारी माणसाने चालायचं?

कांचनमृग

धाग्याशी असहमत, पण कारण आडवा डाव ह्यांच्यापेक्षा अगदी उलटं.

माझा आक्षेप पिसांनाच आहे. समाज आधीच समजतो की गे पुरुष म्हणजे लचकणारा, लाली लावणारा, गंमत आणणारा. कसांद्रो तेच चित्र अजून चकचकीत करून देतो. ही साखळी तोडली कोणी? फ्रेड रॉसरने. डब्ल्यूडब्ल्यूईत डॅरेन यंग नावाने लढायचा. ऑगस्ट २०१३ मध्ये विमानतळावर एका कॅमेरावाल्याने विचारलं, गे पैलवान तिथे यशस्वी होऊ शकेल का? तो म्हणाला, माझ्याकडेच बघा ना. झालं. ना पिसं, ना झगा. आधी जशी साधी चड्डी घालून लढायचा तशीच घालून लढत राहिला.

आपल्याकडे ही चर्चा गणपत पाटलांपाशी थांबायला हवी. तमाशापटांतला नाच्या म्हणजे गणपत पाटील. टाळी वाजवून "आत्ता गं बया" म्हटलं की थिएटर डोक्यावर. घरी बायको, मुलं. पण लोकांनी पडद्यावरचा माणूस आणि घरातला माणूस वेगळा केलाच नाही, त्याचा त्रास घरच्यांनी सोसला. एकदा लोकांनी हसायचं ठरवलं की ते माणूस बघत नाहीत. कसांद्रोला बघताना निम्मं थिएटर, माफ करा, निम्मं अरेना हेच करत होतं, माझी खात्री आहे.

आडवा डाव

कांचनमृग, डब्ल्यूडब्ल्यूईने तुमच्या त्या रॉसरला २०१७ मध्ये नारळ दिला ना? मग तोडली कुठे साखळी?

कांचनमृग

दिला. मग तो न्यू जपान ह्या जपानी कुस्ती कंपनीच्या अमेरिकी शाखेत गेला, चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि २०२२ मध्ये त्यांचं स्ट्रॉंग ओपनवेट विजेतेपद मिळवलं. नारळ फोडून खाल्ला म्हणा.

गावगप्पा

पैलवान आणि नाच्या म्हटल्यावर 'नटरंग' कोणाला कसा आठवला नाही? आनंद यादवांची कादंबरी, अतुल कुलकर्णींचा २०१०चा चित्रपट. गुणा पैलवान, मिशा, दंड, सगळं काही. फड उभा करायचा तर नाच्या हवा, कोणी मिळेना, म्हणून हाच गडी मिशा उतरवतो. मग गाव त्याचं काय करतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे पैलवानाने लाली लावली की काय होतं हे आपल्याला मेक्सिकोकडून शिकायची गरज नाही.

बत्तीस शिराळा

गावगप्पा, कांचनमृग, नाच्याची तुलना आकर्षक आहे पण गल्ली चुकली.

नाच्या वगात कशासाठी असतो? सोंगाड्याला टोला द्यायला, मावशीच्या अवतीभवती हशा पिकवायला. नाच्या जिंकेल अशी कोणाची अपेक्षाच नसते, कारण तिथे जिंकणं-हरणं नाहीच. एक्सोतिको लढायला आलेला असतो. त्याचं लाडिकपण हाच त्याचा डाव. समजा समोर दीडशे किलोचा रुदो आहे. हा मुका घ्यायला पुढे होतो, तो किळस येऊन दोन पावलं मागे सरतो, तोल गेला की ह्याने पट काढला. लोक कोणाला हसतात? तो जो घाबरून मागे सरला त्याला. मुक्याला घाबरणारा दांडगट हा तिथला खरा विनोद आहे. कांचनमृग, ह्यात हसण्याची दिशा फिरते, ती तुम्ही धरलीच नाही.

फ्रेड रॉसरबद्दल आदर आहे. पण "साधी चड्डी घालून लढला म्हणून तो चांगला गे" ह्या वाक्याला एक वास येतो. जो आपल्यासारखा दिसतो तो चालतो. जो दिसत नाही त्याने जरा आवरतं घ्यावं. बरोबर?

कांचनमृग

नाही, तसं म्हणायचं नव्हतं. पण असं वाचलं जाऊ शकतं हे कबूल. मुद्दा सुधारून मांडते: मला पिसं नकोत असं नाही, पिसांशिवाय आत यायला दार होतं का, एवढं विचारायचंय. १९८८ मध्ये हुआरेसमध्ये साउल साध्या चड्डीत "मी गे आहे" म्हणून लढला असता तर कोणी तारीख दिली असती का? नसती दिली. मग पिसं ही त्याची निवड कशी? ते दारावरचं भाडं होतं.

हलगीवाला

हा आतापर्यंतचा सगळ्यात जड प्रतिसाद. उत्तर द्यायला वेळ लागेल.

(अर्ध्या तासाने) भाडं होतं हे खरं. पण तो मुखवट्याआड मिस्टर रोमानो म्हणून लढतच होता, भाडं न भरता. तिथे कोणाला काही कळलं नसतं. मुखवटा हे लुचातलं सगळ्यात मोठं धन. पैजेच्या लढतीत मुखवटा गेला की तो पुन्हा कधीच घालता येत नाही, लोक रडतात. ह्याने तो न हरताच ठेवून दिला. म्हणजे फुकटात राहायला खोली होती, ती सोडून हा भाड्याच्या घरात गेला, कारण त्या खोलीला खिडकी नव्हती. निवड म्हणा, नका म्हणू.

मूळचा नगरकर

मला एक कळत नाही. ज्याचं त्याचं खाजगी आयुष्य ज्याच्या त्याच्या घरी. आम्ही लग्न झालंय म्हणून गळ्यात पाटी घालून फिरतो का? कोणी कोणावर प्रेम करावं ह्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कायदाही आता आड येत नाही. पण कुस्ती बघायला गेलो तर कुस्ती दाखवा. चव्हाट्यावर कशाला?

सालसा आणि साबुदाणा

मूळचा नगरकर, पाटी घालत नाही? मंगळसूत्र काय असतं मग? :)

बत्तीस शिराळा

नगरकर, घरच्या घरी ठेवल्यावर काय होतं त्याची दोन उदाहरणं देतो.

पॅट पॅटरसन. १९७९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) पहिला इंटरकॉन्टिनेंटल विजेता. तीस जण एकामागून एक रिंगणात येतात ती रॉयल रंबल लढत ह्याच्याच डोक्यातली, जी तुम्ही-आम्ही केबलवर बघत मोठे झालो. जोडीदाराबरोबर चाळीसेक वर्षांचा संसार. धंद्यातल्या बहुतेकांना माहीत होतं. पण लोकांसमोर बोलला तो २०१४ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. तोवर जोडीदार वारून सोळा वर्षं झाली होती.

दुसरा ख्रिस कॅन्यन. डब्ल्यूसीडब्ल्यू ह्या अमेरिकी कुस्ती कंपनीतला अतिशय कसबी पैलवान, डाव शोधून काढण्यात हातखंडा. ऐन भराच्या काळात लपवत राहिला. एप्रिल २०१० मध्ये त्याने स्वतःला संपवलं. त्याला मानसिक आजारही होता, त्यामुळे सगळं ह्याच एका खुंटीला टांगत नाही. पण घरच्या घरी ठेवणं फुकट नसतं, एवढं तरी बघा.

मूळचा नगरकर

पॅटरसनचं माहीत नव्हतं. रंबल आम्ही शाळा बुडवून बघायचो. असो, माझं मत मी मांडलं.

लाल माती

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लिहितो.

मी तालमीत वाढलो. गाव सांगत नाही. दहावी ते बारावी, पहाटे साडेचारला उठून जोर-बैठका, मग माती खणायची, हौद्यात लिंबू-हळद-ताक मिसळायचं, सगळं केलं. वजनाच्या मानाने बरा होतो, ढाक चांगली बसायची. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगायला माझ्याकडेच शब्द नव्हता. पण एका पोराला कसा काय संशय आला, आणि त्याने खडाखडीच्या वेळी मोठ्याने म्हटलं, "ह्याच्यासंगं नको, ह्याला पकड आवडती." सगळे हसले. वस्तादही हसले. वाईट माणूस नव्हता तो, माझ्या पायाला लागलं होतं तेव्हा स्वतः तेल चोळलं होतं. पण हसला. दुसऱ्या दिवसापासून जोड मिळेना. जोडच नाही तर कुस्ती कोणाशी खेळणार? महिन्याभरात गेलो नाही.

बत्तीस शिराळांनी मुक्याचा डाव सांगितला तो वाचून दोनदा उठून पाणी प्यालो. ज्या गोष्टीसाठी माझ्याशी हात मिळवायला पोरं तयार नव्हती, ती गोष्ट ह्या माणसाने हत्यार म्हणून वापरली. तुम्हाला किळस येते? बरं, मग ही घ्या.

आडवा डाव, तुम्ही म्हणता लुचा सर्कस आणि आपली कुस्ती खरी. मान्य. पण खऱ्या कुस्तीत मला जोड मिळाली नाही, आणि सर्कशीत त्याला सांतोचा मुलगा मिळाला.

आडवा डाव

लाल माती, वाईट वाटलं. त्या वस्तादाने चुकीचं केलं. ह्यावर वाद नाही.

धाग्याच्या मुद्द्यावर माझं मत तरीही बदलत नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून बदललं असं म्हणणं बरोबर दिसणार नाही. कसांद्रो शूर माणूस होता, हे आता मानतो. शूर नट. पैलवान हा शब्द मी राखून ठेवतो.

लाल माती

ठेवा. निदान तोंडावर सांगताय.

विंडी सिटी विठोबा

अमेरिकेतून लिहितोय. चर्चा ९१ वरच अडकलीय, जरा आजचं सांगतो, कारण आता चित्र पालटलंय आणि मला ते तितकंसं पटत नाही.

इकडे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर लढणाऱ्यांना इंडी म्हणतात. कसांद्रोही आयुष्याचा बराचसा काळ असाच लढला, आज इथे उद्या तिथे. ह्यात पगार नाही, विमा नाही. शुक्रवारी एका राज्यात, शनिवारी दुसऱ्यात, मधला प्रवास चौघांत एक गाडी करून. रिंगणातल्या मानधनापेक्षा लढतीनंतर टेबल मांडून टी-शर्ट आणि सही केलेले फोटो विकून जास्त सुटतात. मी अशा एका शोला गेलो होतो. मघाशी ज्याच्या पाठीवर ट्यूबलाइट फुटली होती तो गडी रक्त पुसून टेबलामागे उभा, एका हाताने कार्ड स्वाइप करतोय, दुसऱ्या हातात बर्फाची पिशवी.

ह्या जगात एफी नावाचा उघड गे पैलवान आहे, फ्लोरिडातला. अंगात जाळीचे मोजे, भाषा चावट. २०२० मध्ये इंडियानापोलिसला त्याने 'बिग गे ब्रंच' नावाचा अख्खा कार्यक्रम लावला, त्यात लढणारे मुख्यतः एलजीबीटी. जीसीडब्ल्यू ह्या इंडी कंपनीच्या मोठ्या आठवड्यांत तो पुढेही होत राहिला, लोक वाट बघतात. आणि मोठ्या मंचावर म्हणाल तर अँथनी बोवेन्स, सप्टेंबर २०२२, न्यूयॉर्कचं आर्थर अ‍ॅश स्टेडियम, एईडब्ल्यू ह्या मोठ्या कंपनीचं टॅग टीम विजेतेपद. अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने घुमत होतं.

आता माझा प्रश्न. आज इंद्रधनुषी टी-शर्ट खपतो. मग ह्यात बंड कुठे उरलं? ज्या गोष्टीसाठी एकेकाळी बाटल्या फेकल्या जायच्या, तीच गोष्ट आज टेबलावर मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्जमध्ये मिळते.

बत्तीस शिराळा

विठोबा, म्हणजे उपाशी राहिला तर बंडखोर आणि पोट भरलं तर बाजारू? गे नसलेले पैलवान तीस वर्षं कवटीचे टी-शर्ट विकतायत, त्यांना कोणी बंडाचा हिशेब मागितला नाही. ज्याला विमा नाही त्याने टी-शर्ट विकायचा नाही तर काय विकायचं?

कांचनमृग

इथे मी विठोबांच्या बाजूने थोडी. एफीने स्वतःचं दुकान स्वतः थाटलं, पाहुणे स्वतः निवडले, ठीकच. पण त्या दुकानात येणारे आधीच त्याचे. हुआरेसच्या त्या प्रेक्षकाला कोणी निवडून आणलं नव्हतं. सालसा ह्यांच्या त्या आजी ब्रंचला येणार नाहीत. माझ्या मते त्या आजींसमोर उभं राहणं वेगळं.

म्हणजे बघा, मी धाग्याला विरोध करायला आले होते आणि आता कसांद्रोची वकिली करतेय. ह्याला काय म्हणावं!

पोटमाळा

ह्याला पट निघाला म्हणतात.

आडवा डाव

अवांतर: तो आता काय करतो? अजून लढतो का?

हलगीवाला

नाही. मधली बरीच वर्षं दारू आणि अमली पदार्थांत गेली, २००३ मध्ये सोडलं ते कायमचं. त्यानंतर परदेशांत भरपूर फिरला, लंडनमध्ये त्याचा वेगळाच भक्तसंप्रदाय आहे. २०२१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, बोलण्यावर परिणाम झाला.

एक राहिलं सांगायचं. मुखवटा नसलेल्यांना पैजेच्या लढतीत केस लावावे लागतात. हरलं की रिंगणातच, सगळ्यांसमोर हजामत. कसांद्रोचे केस म्हणजे त्याचा जीव की प्राण, सोनेरी रंगवलेले, तासन्‌तास बसवलेले. तरीही तो ते पैजेवर लावायचा. हरला की खुर्चीत बसायचा आणि कारकिर्दीत अर्धं आयुष्य ज्यांनी त्याला शिव्या दिल्या त्यांच्यासमोर भादरून घ्यायचा. मित्राला परवा हे सांगायचं राहून गेलं.

आडवा डाव

केस तरी खरे कापतात ना? की तेही नुरा?

हलगीवाला

केस खरे कापतात, मालक.